टिग वेल्डिंग : उष्णता आवरा, सांधा टिकवा
(ग्रामीण युवकांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



स्टेनलेस स्टीलची दुधाची किटली सांध्यात गळू लागली की आपण ती टिग वेल्डिंगने सांधून घेतो. गळती थांबते, पण पुढे सांध्याजवळ गंज दिसतो, आतल्या खरखरीत जागी दुधाचा थर धरतो आणि त्यात जंतू वाढून दूध नासते. याचे मूळ बहुधा वेल्डिंग करताना जास्त लागलेल्या उष्णतेत असते.

पातळ पत्रा जळू नये म्हणून नवशिका कारागीर करंट अगदी कमी करतो. मग धातू वितळण्याची वाट पाहत एका जागी थांबतो. तेवढ्या वेळात आजूबाजूचा पत्रा तापून वाकतो. हिशोब पाहा. आर्क १० व्होल्टची धरली, तर ४० अँपिअरवर मिनिटाला ५० मिलिमीटर सरकल्यास दर मिलिमीटरला ४८० ज्यूल उष्णता पडते. ६० अँपिअरवर मिनिटाला १५० मिलिमीटर सरकल्यास ती २४० ज्यूल, म्हणजे निम्मीच पडते. तेव्हा करंटइतकेच महत्त्व वेळेला आहे.

स्टेनलेस स्टील साध्या पोलादाच्या सुमारे एक तृतीयांशच उष्णता वाहून नेते आणि तापल्यावर जवळजवळ दीडपट फुगते. म्हणून ते लवकर वाकते. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. साध्या पोलादाला जाडीच्या दर मिलिमीटरला सुमारे ४० अँपिअर धरून सुरुवात करावी. स्टेनलेसला थोडा कमी करंट द्यावा. टॉर्च डी.सी. निगेटिव्हला जोडावी.

२. टंगस्टनचे टोक अणकुचीदार घासावे आणि पत्र्यापासून सुमारे २ मिलिमीटरवर ठेवावे. आर्क लांबली की उष्णता पसरते.

३. सांध्यात फट ठेवू नये. आधी दर २५ ते ४० मिलिमीटरवर टाके मारावेत. नंतर छोटे छोटे तुकडे जागा बदलून जोडावेत व मध्ये पत्रा निवू द्यावा.

४. शक्य तेथे सांध्याखाली तांब्याची पट्टी धरावी. ती उष्णता ओढून घेते.

५. दूध लागणाऱ्या भांड्यात आतूनही आर्गॉन वायू सोडावा. नाहीतर सांध्याची आतली बाजू हवेने जळून खरखरीत होते.

६. आर्क बंद झाल्यावर टॉर्च लगेच उचलू नये. आर्गॉन काही सेकंद चालू ठेवावा.

काम कसे झाले, हे रंग सांगतो. सांधा चंदेरी किंवा फिकट सोनेरी असेल तर उत्तम. गडद निळा वा करडा दिसला तर उष्णता जास्त झाली किंवा वायूचे आवरण कमी पडले असे समजावे. असा रंग स्टेनलेसच्याच ब्रशने व योग्य रसायनाने साफ करावा. लोखंडी ब्रश वापरल्यास तेथेच गंज धरतो.

औषध फवारणीची किंवा इंधनाची टाकी मात्र पूर्ण स्वच्छ केल्याशिवाय वेल्डिंगला घेऊ नये. विषारी वायू किंवा स्फोट यामुळे जिवावर बेतते.

त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर आधी सराव करावा. दहा सांधे एकसारख्या रंगाचे आले, म्हणजे मग किटली हाती घ्यावी.