पायाला मुंग्या, जिवाला घोर



२०२५च्या जानेवारीतली गोष्ट. पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण सापडत होते. पेपरात रोज ‘जीबीएस’. महिनाअखेरीस पुण्याहून सोलापुरात आलेला एक रुग्ण इथे दगावला. ती बातमी वाचली आणि माझ्या डाव्या पोटरीचं मांस उडायला लागलं. पाठोपाठ तळपायांना मुंग्या. रात्री उठून मी चवड्यांवर उभी राहून पाहायची, हात न टेकता खुर्चीतून उठून पाहायची. तीनदा, चारदा. घरचे म्हणायचे, “टेन्शन आहे तुला, बाकी काही नाही.” ते ‘बाकी काही नाही’ मला फार लागायचं. मुंग्या तर खऱ्याच येत होत्या!

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यांवरून कापूस फिरवला, पावलांतला जोर पाहिला. मग समजावलं. जीबीएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते, पुष्कळदा जुलाबानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत. दोन्ही पायांतली ताकद जाते, ती कमजोरी काही दिवसांत वर चढते, हातोडीला गुडघा उडत नाही. माझा उडत होता. पण धास्तावलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, नसा चाळवतात आणि बोटांत, ओठांभोवती मुंग्या येतात. म्हणजे भीतीच्या मुंग्याही शरीरातच घडतात. हे ऐकलं आणि कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला असं वाटलं.

तरी त्यांनी रक्त तपासलंच. नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. आमचं घर शाकाहारी. नसांचं दुखणं आणि मनाची धास्ती, दोन्ही माझ्यातच होतं.

म्हणून कळकळीनं सांगते, तपासल्याशिवाय कुणाला ‘टेन्शन’ म्हणू नका. आपल्या गावात विड्या वळणाऱ्या बाईचा हात बधिर होतो, तेव्हा मनगटात नस दबलेली असू शकते. मधुमेह्याच्या पायांची आग होते, तीही नसांमुळे असू शकते. पायांतलं बळ भराभर जात असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल गाठा. आणि तपासण्या नीट आल्यावरही झोप लागत नसेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा, विनामूल्य.

मी बी-१२ची इंजेक्शनं घेतली. मुंग्या गेल्या. पोटरी मात्र अजून उडते, घरात कुणी आजारी पडलं की हमखास. तेव्हा मी तिच्यावर हात ठेवते आणि सावकाश श्वास सोडते.