नैनीताल: दरडीनंतर उभं राहिलेलं गाव

"नैनीतालला चाललोय, बोटिंग आणि मॉल रोड सोडून काय बघू?" हा प्रश्न बऱ्याच जणांकडून येतो. तर आज तिथल्या जुन्या इमारती. नुसती यादी वाचून दाखवत नाही, ती तुमच्या मोबाइलवर दोन मिनिटांत मिळेल. मी एक तारीख देतो, ती डोक्यात ठेवून फिरा. १८ सप्टेंबर १८८०.

गाव तेव्हा जेमतेम चाळीस वर्षांचं होतं. १८४१ मध्ये बॅरन नावाचा साखरेचा इंग्रज व्यापारी इथे पोचला आणि मग बघता बघता तळ्याभोवती बंगले, हॉटेलं, क्लब उभे राहिले. त्यातले कितीतरी उत्तरेकडच्या तीव्र उतारावर. १८८० च्या सप्टेंबरात दोन दिवस पाऊस थांबलाच नाही. शनिवारी सकाळी व्हिक्टोरिया हॉटेलजवळ एक छोटी दरड पडली. गाडलेल्यांना काढायला सैनिक आणि मजूर जमले. आणि दुपारी तो सगळा उतारच खाली आला. हॉटेल गेलं, देवीचं देऊळ गेलं, तळ्याकाठचे असेंब्ली रूम्स गेले. १५१ माणसं मेली. त्यात १०८ भारतीय, ४३ युरोपीय.

आता फिरायला लागू. सुरुवात मल्लीतालपासून, म्हणजे तळ्याच्या वरच्या टोकापासून. तिथे एक मोठं सपाट मैदान आहे, त्याला फ्लॅट्स म्हणतात. पोरं फुटबॉल खेळत असतात, बाजूला मोमोवाले, गरम कपडेवाले. डोंगरात एवढी सपाट जागा आली कुठून? दरडीच्या मलब्यानं तळ्याचा काठ भरला आणि मैदान वाढलं. शेजारचं नैनादेवीचं देऊळ दरडीनंतर पुन्हा बांधलेलं आहे. दर्शन घ्याच, पण बाहेर आल्यावर एकदा मान वर करून डोंगराकडेही बघा.

तिथून वर चढून सेंट जॉन इन द वाइल्डरनेस. रानातलं चर्च. १८४४ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन इथे आले होते, तेव्हा सभोवती खरंच रान होतं, त्यावरून हे नाव. राखाडी दगड, उंच देवदार, आणि गर्दी जवळजवळ नाही. आत पितळेच्या पाट्यांवर दरडीत गेलेल्यांची नावं कोरली आहेत. सावकाश वाचा. त्या १०८ भारतीयांची नावं सांगणारी पाटी मात्र गावात मला तरी कुठे दिसली नाही. त्यातले कितीतरी दुसऱ्यांना वाचवायला गेले होते.

आता तळ्याच्या पलीकडे, अयारपाट्टा डोंगरावर. इथे गर्नी हाउस आहे, जिम कॉर्बेटचं घर. दरड कोसळली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. कॉर्बेट कुटुंबाचं आधीचं घर त्या धोक्याच्या बाजूला, अल्मा हिलवर होतं. आईनं, मेरी कॉर्बेटनं, ते उतरवलं आणि त्याचंच सामान वापरून इकडे नवीन घर बांधलं. नवरा नुकताच वारलेला, पदरी पोरं, आणि बाई अख्खं घर डोंगर बदलून नेते! मला कॉर्बेटच्या वाघांपेक्षा ही गोष्ट जास्त आवडते. घर खाजगी मालकीचं आहे, त्यामुळे विचारल्याशिवाय फाटकातून आत घुसू नका.

मेरीबाईंना जे लगेच कळलं, ते सरकारला कळायला पंधरा वर्षं लागली. गव्हर्नरचा बंगलाही शेर का डांडाच्या उतारावर होता. १८९५ च्या सुमारास तिथेही धोका दिसायला लागला, तो सोडावा लागला, आणि नवा बंगला अयारपाट्ट्याच्या बाजूला बांधला. तेच आजचं राजभवन. मुंबईकरांनो, इथे नीट थांबा. टोकदार कमानी, दगडी मनोरे, कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं ना? वाटणारच. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, ज्यानं आपलं सीएसएमटी आणि समोरची महापालिकेची इमारत उभी केली. लोकलच्या गर्दीतून ज्या इमारतीकडे तुम्ही कधी मान वर करून बघत नाही, तिची ही थंड हवेतली बहीण. तिकीट काढून आवार बघता येतं, पण कधीकधी बंद असतं, म्हणून आधी चौकशी करा.

शेवटची गोष्ट कुठल्याच टूरवाल्याच्या यादीत नसते. गावातले नाले. दरडीनंतर इंग्रजांनी डोंगरभर दगडी नाले बांधले, पावसाचं पाणी उतारात न मुरता थेट तळ्यात जावं म्हणून. माझ्या मते गावातलं सगळ्यात महत्त्वाचं जुनं बांधकाम हेच. आज त्यात चिप्सची पाकिटं अडकलेली दिसतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला इथल्या बहुमजली बांधकामांवर बोलावं लागलं. आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये लोअर मॉल रोडचा एक तुकडाच तळ्यात गेला. हो, तोच रस्ता, जिथे सगळे सेल्फी काढतात.

काठगोदामपर्यंत रेल्वे आहे, पुढे साधारण ३५ किलोमीटरचा घाट. हॉटेल बुक करताना फोटोत फक्त 'लेक व्ह्यू' बघू नका, ते कुठल्या उतारावर आहे तेही नकाशावर बघा. चला, भेटू पुढच्या भागात.