सह्याद्रीच्या सदाहरित रानातील पक्षिनिरीक्षण
(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पक्षिनिरीक्षणाचा छंद आपल्याकडे बहुधा पाणथळीच्या काठी जडतो. उजनीचा जलाशय असो, नांदूर मधमेश्वरचा बंधारा असो वा पैठणचा विस्तीर्ण नाथसागर असो, हिवाळ्यातल्या सकाळी काठावर उभे राहून दुर्बीण डोळ्यांना लावली की रोहित, चक्रवाक, करकोचे असे नाना जातींचे पक्षी उघड्या पाण्यावर, उघड्या उजेडात मनसोक्त पाहता येतात, आणि नवशिका निरीक्षकही दोन-तीन तासांत चांगली लांबलचक यादी घेऊन घरी परततो. तोच निरीक्षक पुढे मोठ्या उमेदीने आंबोलीच्या, तिलारीच्या किंवा मोलेच्या रानात जातो, आणि दिवसभर चालूनही हाती काही लागले नाही म्हणून खिन्न होतो. रान रिकामे होते असा निष्कर्ष तो काढतो; वस्तुतः रान भरलेले असते, पण त्याला उघड्या मैदानाचे नियम लागू पडत नाहीत. सदाहरित रानात पक्ष्याच्या मागे धावून पक्षी भेटत नाही. ज्याला तेथील झाडे, तेथील ऋतू आणि तेथील आवाज परिचयाचे झाले त्यालाच तो भेटतो. असा परिचय एका जागेशी दीर्घकाळ बांधून घेतल्याखेरीज होत नाही. आणि असा परिचय असलेली माणसे जेथे आहेत तेथेच ते रान टिकण्याची आशा धरता येते, एवढेच प्रतिपादन मला आज आपल्यापुढे करावयाचे आहे.

प्रथम या मुलखाची सरहद्द ध्यानात घेऊ. तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेल्या या पर्वतरांगेच्या माथ्यावर आणि पश्चिम उतारावर, अरबी समुद्राकडून येणारे मोसमी वारे अडून जेथे अपरंपार पाऊस पडतो, तेथे सदाहरित आणि निमसदाहरित वने वाढली. एकट्या आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला; त्यांत आपल्याकडील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांचा अंतर्भाव आहे. ही वने एकाच पर्वतरांगेवर असली तरी सर्वत्र सलग नाहीत. रांगेला दक्षिणेत छेदणारी पालघाटची खिंड तीस-चाळीस किलोमीटर रुंद आहे, आणि दमट, थंड शोलावनांतून बाहेर न पडणाऱ्या लहान पक्ष्यांना तेवढे अंतरही ओलांडता आलेले नाही. परिणामी खिंडीच्या उत्तरेस निलगिरीत राहणारा शोलाकिली हा पक्षी आणि दक्षिणेकडील त्याचा भाऊबंद हे लक्षावधी वर्षांच्या विरहाने दोन स्वतंत्र जाती होऊन बसले आहेत. त्याच दक्षिण भागात, पळणीच्या डोंगरांत राहणाऱ्या एका गाणाऱ्या पक्ष्याला शास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांनी १८६९ साली फेअरबँक यांचे नाव दिले. हे सॅम्युएल फेअरबँक म्हणजे अहमदनगरकडे काम केलेले अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर या परिसरांतील पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी १८७६ साली प्रसिद्ध झाली. आपल्या सह्याद्रीतील पक्ष्यांची लेखी नोंद ठेवण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

आता या रानात पक्षी दिसत का नाहीत, त्याची कारणे पाहू. पूर्ण वाढलेल्या सदाहरित वनात माथ्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या शंभर हिश्श्यांतील एखाददुसरा हिस्साच जमिनीपर्यंत पोहोचतो. वरच्या छतात वावरणारा पक्षी आकाशाच्या पार्श्वभूमीवर केवळ काळा ठिपका भासतो, आणि खालच्या अंधारात वावरणारा पक्षी पालापाचोळ्याशी एकरूप होऊन जातो. कर्णा या नावाने ओळखला जाणारा पक्षी याचे उत्तम उदाहरण होय. नराचे पोट भडक तांबडे असते, तरीही संशय येताच तो आपली तपकिरी पाठ पाहणाऱ्याकडे करून फांदीवर इतका निश्चल बसतो की वीस पावलांवरून माणसे बोलत निघून जातात. बेडूकमुखी हा निशाचर पक्षी तर दिवसा वाळक्या पानांच्या झुबक्यासारखा दिसतो. त्याची मादी एकच अंडे घालते, ते दिवसा नर उबवतो आणि रात्री मादी, आणि उबवणारा पक्षी माणूस अगदी जवळ आला तरी जागचा हलत नाही. तेव्हा डोळ्यांवर विसंबणाऱ्याने येथे निराश होणे स्वाभाविकच आहे.

म्हणून या रानातील पहिले इंद्रिय म्हणजे कान. पहाटे अर्धा तास एका जागी बसून केवळ ऐकावे. कुटुर्ग्याची अखंड साद, हरियालांच्या थव्याची गुंजती शीळ, सुताराच्या चोचीचा लाकडावरील आघात, दरीपलीकडून येणारा धनेशाच्या पंखांचा घोंघावणारा नाद, हे सारे ओळखीचे झाले की न दिसणारे रानही नकाशासारखे मनात उलगडू लागते. ही विद्या पुस्तकातून पुरी येत नाही. अलीकडे ध्वनिमुद्रणे सहज उपलब्ध झाली आहेत आणि घरी बसून अभ्यासासाठी ती अत्यंत उपकारक आहेत. पण तीच रानात वाजवून विणीच्या काळात पक्ष्याला वारंवार बाहेर ओढणे हा मात्र उघड अन्याय आहे. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो घरटे, अन्न आणि सावधपणा सोडून धावत येतो, आणि त्या धावण्याचा मोबदला त्याला कोणीही देत नाही.

कान तयार झाला की रानातील एक विलक्षण प्रकार ध्यानात येतो. बराच वेळ सर्वत्र सामसूम असते, आणि मग अकस्मात दहा-वीस पावलांच्या परिसरात चहूकडे पक्षीच पक्षी होतात. निखार शेंड्यांवरून पुढे सरकत आहेत, शिलींध्री खोडावरून डोके खाली करून उतरत आहे, सुतार साल उचकटत आहे, नाचण पंखा फुलवून माश्या उठवीत आहे, आणि या सर्वांच्या मागेपुढे भृंगराज आपल्या शेपटीची दोन लांब पिसे मिरवीत हिंडत आहे. हा मिश्र थवा होय. निरनिराळ्या जातींचे, निरनिराळ्या मजल्यांवर अन्न शोधणारे पक्षी एकत्र फिरतात, कारण एकाने उठवलेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि अनेक डोळ्यांमुळे ससाण्याची वर्दी लवकर लागते. भृंगराज इतर पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो, हे आपल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक होते. श्रीलंकेतील सिंहराज या वर्षावनात गुडेल आणि कोटगम या अभ्यासकांनी त्या नकलेचा उपयोगही दाखवून दिला. थव्यातील सोबत्यांचे आवाज काढून तो त्यांना जवळ बोलावतो, आणि धोका असेल तर त्यांचीच इशाऱ्याची भाषा वापरतो. ज्याने या थव्याचा रोजचा मार्ग आणि वेळ ध्यानात ठेवली, त्याला एका जागी उभे राहून पंधरा मिनिटांत जे दिसते, ते इतरांना दिवसभराच्या पायपिटीत दिसत नाही.

दुसरी गोष्ट ऋतूंची. पक्षी पाहण्याचे दिवस म्हणजे हिवाळा, असा समज देशावर रूढ आहे, आणि घाटात तो साफ अपुरा ठरतो. मृगाच्या सुमारास नवरंग आपल्या रानांत येऊन दुहेरी शीळ घालू लागतो. त्याच सुमारास कोकणातल्या ओढ्यांच्या काठी तिबोटी खंड्या अवतरतो. हा चिमुकला, निळा, नारिंगी आणि जांभळा असा रत्नासारखा पक्षी ओल्या मातीच्या उभ्या कडेत आडवे बीळ खोदतो आणि सापसुरळ्या, लहान बेडूक, खेकडे असे भक्ष्य नेऊन पिलांना वाढवतो. रस्ता रुंद करताना ओढ्याकाठची दरड यंत्राने साफ केली की त्या एका दिवसात अशी कित्येक घरटी नष्ट होतात, आणि पावसाळ्यात रानाकडे कोणी फिरकत नसल्यामुळे त्याची वार्ताही कोणास नसते. शीळकरी कस्तूर हा तर पावसाचाच गायक. धबधब्याच्या गर्जनेवर मात करून येणारी त्याची माणसासारखी, स्वैर, सुरात सूर न अडकवता रेंगाळणारी शीळ ज्याने धुक्यातल्या पहाटे ऐकली, त्याला घाटातील पावसाळा पुन्हा कधी उदास वाटणार नाही.

पण श्रोतेहो, या रानाचे मर्म ज्या एका पक्ष्याच्या चरित्रात साठवलेले आहे तो म्हणजे मोठा धनेश. कोकणात धनेशांना सरसकट गरुड म्हणण्याचा प्रघात आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात १८९४ पासून १९२० पर्यंत विल्यम नावाचा एक मोठा धनेश होता. त्या संस्थेच्या बोधचिन्हावर आजही धनेशच विराजमान आहे. या पक्ष्याची मादी साधारण जानेवारीच्या सुमारास एखाद्या पुराण वृक्षाच्या ढोलीत शिरते, आणि विष्ठा, माती व फळांचा गर यांच्या लेपाने ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. केवळ चोच बाहेर येईल एवढी उभी फट राखते. आत ती उड्डाणाची पिसे टाकते, एक किंवा दोन अंडी घालते आणि ती अडतीस ते चाळीस दिवस उबवते. या काही महिन्यांच्या काळात तिचा आणि पुढे पिलाचा सारा योगक्षेम नरावर अवलंबून असतो. वड, उंबर, नांदरुक, पायर यांची फळे, रानजायफळाची पत्री लपेटलेली बी, धुपाची फळे असे अन्न गळ्यात साठवून तो दिवसातून अनेक वेळा येतो आणि एकेक फळ चोचीच्या टोकाशी आणून त्या फटीतून आत देतो. तो नर शिकाऱ्याच्या हाती सापडला तर एका पक्ष्याबरोबर एक कुटुंब जाते. आणि हे दांपत्य वर्षाला बहुधा एकच पिलू वाढवीत असल्यामुळे ती तूट भरून यायला फार वर्षे लागतात.

या चरित्रात तीन अटी दडलेल्या आहेत. ढोली पडण्याइतके वयोवृद्ध झाड हवे. वर्षभर आळीपाळीने फळणारी उंबरवर्गीय झाडे हवीत. आणि त्या दोहोंमधले अंतर उडत ओलांडता येईल इतके रान शिल्लक हवे. बदल्यात धनेश रानाला काय देतो, तेही पाहण्यासारखे आहे. रानजायफळासारख्या मोठ्या बिया लहान पक्ष्यांच्या गळ्याखाली उतरत नाहीत. धनेश त्या गिळतो, गर पचवतो आणि बी मूळ झाडापासून दूर कोठेतरी ओकून टाकतो. धनेश नाहीसा झाला तर ती झाडे काही काळ उभी दिसतील, पण त्यांची संतती त्यांच्याच सावलीत गुदमरेल. म्हणून धनेश ओळखणे म्हणजे झाड ओळखणे, आणि झाड ओळखणे म्हणजे ते ज्याच्या मालकीच्या जमिनीत उभे आहे त्या माणसाची अडचण ओळखणे होय.

कारण कोकणातले पुष्कळसे रान खाजगी मालकीचे आहे. लाकूडतोडीच्या ठेक्यात जुन्या झाडाला किंमत येते ती त्याच्या घनफुटांची. ढोलीची किंमत कोणत्याच दस्तऐवजात नोंदलेली नसते. दोडामार्गाकडे रानाच्या जागी रबराची लागवड उभी राहताना आपण पाहत आहोत. अशा परिस्थितीत जुनी झाडे कोठे उरली, याचा शोध घेतला तर उत्तर पुष्कळदा देवराईत सापडते. माधव गाडगीळ आणि पुण्याचे वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून, देवाच्या धाकाने राखलेले हे तुकडे म्हणजे मूळ वनाचे अवशेष आहेत हे विद्वानांच्या नजरेस आणून दिले. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाची दुर्मीळ दलदल अशीच देवराई म्हणून टिकली, आणि २०२१ साली शासनाने तिला जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. कोणत्याही सरकारी सनदेच्या आधी तेथे गावाचा शब्द होता, हे विसरता कामा नये.

नोंदीचे सामर्थ्य किती असते, याचे दोन दाखले देतो. सालिम अली यांनी १९३३ साली त्रावणकोर-कोचीन संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा पेरियार नदीकाठचे तट्टेकाड हे ठिकाण त्यांना पक्ष्यांच्या दृष्टीने असामान्य समृद्ध वाटले. ती नोंद दफ्तरात पडून राहिली नाही. पन्नास वर्षांनी, १९८३ साली, तेथे अभयारण्य झाले. दुसरा दाखला केरळातीलच वाझाचल रानाचा. तेथील कादर समाजाला धनेशांच्या ढोल्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या, आणि पूर्वी त्या ज्ञानाचा उपयोग पिले काढण्यासाठी होई. गेल्या दोन दशकांत त्याच समाजातील माणसे वनखात्याच्या साहाय्याने त्या ढोल्यांची राखण करीत आहेत आणि दर हंगामात त्यांची नोंद ठेवीत आहेत. पहिल्या दाखल्यात एका शास्त्रज्ञाची वही आहे, दुसऱ्यात रानवासीयांची स्मृती आहे. दोहोंत समान आहे ती एका भूमीविषयीची दीर्घ आणि तपशीलवार ओळख.

तेव्हा माझी विनंती अगदी व्यवहाराची आहे. दरवर्षी नव्या रानात जाऊन यादी वाढवण्याऐवजी आपणांपैकी प्रत्येकाने घाटातले किंवा कोकणातले एकच गाव आणि एकच रान निवडावे. त्या गावच्या जाणत्या माणसांना गुरू करावे. पावसाळा न टाळता बाराही महिने तेथे जावे. कोणता उंबर केव्हा फळला, नवरंग कोणत्या आठवड्यात आला, धनेशाची ढोली कोणत्या झाडात आहे आणि त्या वर्षी पिलू बाहेर पडले की नाही, हे तारीखवार लिहावे. ढोलीचा नेमका ठावठिकाणा मात्र छायाचित्रकारांच्या गर्दीपुढे उघड करू नये. २००२च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेच्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही राखावी अशी तरतूद आहे. या नोंदी गावाच्या संमतीने त्या वहीत दाखल व्हाव्यात. उद्या एखादा रस्ता, खाण वा लागवड त्या रानावर चालून आली, तर आपला हळहळीचा स्वर कोणत्याही कचेरीत पुरावा म्हणून ग्राह्य धरला जाणार नाही; पण दहा वर्षांच्या सलग, सत्य आणि गावाने स्वीकारलेल्या नोंदी मात्र कोणालाही सहजासहजी दुर्लक्षिता येणार नाहीत. पक्षिनिरीक्षणाचा आनंद निर्मळ आहे, आणि तो प्रत्येकाने भरभरून घ्यावा. पण ज्या रानाने तो दिला त्याच्या बाजूने साक्ष देण्याची तयारी ठेवली, तरच त्या आनंदावर आपला हक्क पोहोचतो.