मिडी कीबोर्ड गप्प झाला तर

गाणं रेकॉर्ड करता करता मिडी कीबोर्ड अचानक गप्प होतो. पट्ट्या दाबा, सॉफ्टवेअर ढिम्म! मग आपण घाईघाईनं दहा सेटिंग्ज बदलतो आणि मूळ बिघाड कुठला, आपण केलेला कुठला, तेच कळेनासं होतं.

फौजेत टेलिफोनची लाइन बंद पडली, की एकेक टप्पा तपासत पुढं जायचं. इथंही तीच शिस्त ठेवा.

मिडी १९८३मध्ये आलं. त्यातून आवाज जात नाही, निरोप जातो: कुठली पट्टी, किती जोरात. जोराचा आकडा जास्तीत जास्त १२७. तेव्हा निरोप कुठं अडला, एवढंच शोधायचं.

पहिली केबल. काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात. दिवा लागतो, निरोप जात नाही. मधला हब काढा, थेट जोडा.

मग संगीताचं सॉफ्टवेअर बंद करा. विंडोजवर बऱ्याचदा एका प्रोग्रामनं पोर्ट धरलं, की दुसऱ्याला मिळत नाही. आता मिडी मॉनिटर उघडून पट्टी दाबा. आकडे उमटले, तर कीबोर्ड आणि केबल निर्दोष.

उरलं सॉफ्टवेअर. कीबोर्ड जोडलेला ठेवूनच ते सुरू करा. सेटिंग्जमध्ये मिडी इनपुट चालू आहे का? ट्रॅक रेकॉर्डसाठी तयार आहे का? १६ चॅनलांपैकी दोन्हीकडे एकच निवडलाय का?

एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा. नव्या कीबोर्डसाठी खिशात हात घालण्याआधी एवढं कराच.