सातवीचं पुस्तक पुन्हा उघडा



स्नेहसंमेलनात गणित कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण चाळीसगाव तालुक्यात येऊन मी दुसऱ्या कशावर बोलू? गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, हे सांगणारा शिलालेख इथल्या पाटणादेवी परिसरातला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. त्यात ग्रहगणित आहे. पण त्याच्या आधी ‘लीलावती’ येते आणि तिच्यात बेरीज-वजाबाकी, अपूर्णांक, त्रैराशिक. ग्रहांचा हिशेब मांडणाऱ्या माणसाने पाया गाळला नाही.

मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. वर्गात विषय कॅल्क्युलसचा असतो आणि मुलं अडतात सातवीत. ५ − २(क्ष − ३) दिलं, की कितीतरी जण ५ − २क्ष − ६ लिहितात. उणे दोन गुणिले उणे तीन म्हणजे अधिक सहा. उत्तर ११ − २क्ष. एका चिन्हापायी पुढचं पानभर गणित वाया जातं. हुशार मुलांचं होतं हे, म्हणून जास्त जीव तुटतो.

अपूर्णांकांतही तेच. १/२ + १/३ = २/५ लिहून मोकळे! अरे, अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा ठेवला तर ती अर्ध्याहून कमी कशी भरेल? २/५ तर अर्ध्यापेक्षा लहान. छेद समान करा: ३/६ + २/६ = ५/६. नियम एखादे वेळी विसराल, चालेल. पण ‘हे उत्तर पटतंय का?’ हे स्वतःला विचारायला विसरू नका. मला ते नियमाहून मोलाचं वाटतं. टक्केवारीतही हेच विचारा: शंभराची वस्तू २० टक्क्यांनी महागली, मग तिच्यावर २० टक्के सूट मिळाली, तर किंमत पुन्हा शंभर नाही, ९६ रुपये. कारण सूट १२० वर मिळाली.

नववी-दहावीच्या मुलांनो, धाकट्या भावंडाचं पुस्तक मागून घ्यायला लाजू नका. पूर्णांक, अपूर्णांक, गुणोत्तर, साधी समीकरणं, रोज थोडी सोडवा. पालकहो, गुणांवरून रागावण्याआधी वही उघडून चूक नेमकी कोणत्या ओळीत झाली ते मुलाबरोबर बघा. आणि शिक्षकांना माझी हात जोडून विनंती, शाळा सुरू झाल्यावरचे पहिले दोन आठवडे नवा धडा न घेता उजळणीला द्या.