हिशेबाची फाईल आणि कामगाराचा हक्क



कोणतीही तक्रार घेऊन गेलो की आम्ही संघटनेची माणसे प्रथम हजेरीबुक मागतो. किती दिवस भरले आणि किती पैसे कापले, हे कळल्याशिवाय पुढचे बोलणे होत नाही. आता पुष्कळ ठिकाणी त्या बुकाच्या जागी संगणकातील फाईल आली आहे. ती हाती पडते, पण उघडत नाही. उघडली तर मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. म्हणून ह्या फाइलींची ओळख करून घेणे हे आम्ही संघटनेचेच काम समजतो.

फाइलीच्या नावात शेवटच्या टिंबापुढे जी अक्षरे असतात, त्यांवरून तिचा प्रकार ओळखावा. ‘एक्सएलएस’ हा एक्सेलचा जुना प्रकार. ‘एक्सएलएसएक्स’ हा एक्सेल २००७ बरोबर आला. हे वस्तुतः झिप पद्धतीने बांधलेले गाठोडे होय. सोडले की आत साध्या अक्षरांतली पाने निघतात. ‘ओडीएस’ हा खुला प्रकार. त्याला २००६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. चौथा ‘सीएसव्ही’, सर्वांत साधा. एका ओळीत एक नोंद आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम. रंग नाहीत, सूत्रे नाहीत. फुकट मिणारे लिब्रेऑफिस हे चारही प्रकार उघडते. तेव्हा ‘आमच्याकडे एक्सेल नाही’ ही सबब उरत नाही.

प्रकाराचा एवढा बाऊ कशाला, असे कोणी विचारील. जुन्या एक्सएलएसच्या एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात, नव्यात १०,४८,५७६. इंग्लंडात २०२० साली कोरोनाच्या तपासण्यांचे निकाल जुन्या प्रकारात भरले गेले. पान भरले, आणि १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर झालीच नाही. त्यांच्या सहवासात आलेल्यांना सावध करण्यास तितका उशीर झाला.

आपल्याकडचा धोका निराळा आहे. भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक खातेक्रमांक बारा आकडी असतो. सीएसव्ही सरळ एक्सेलमध्ये उघडली, तर एक्सेल त्याला संख्या समजून आखडून दाखवते. ती तशीच पुन्हा जतन केली, तर बहुतेक आकडे कायमचे जातात. बँकेचा क्रमांक सोळा आकडी असला, तर शेवटच्या आकड्याचे शून्य होते. आरंभीची शून्ये तर गळूनच जातात. पैसे माणसाचे आणि क्रमांक कोणाचाच नव्हे, अशी गत होते.

उपाय सोपा आहे. मूळ फाईल जशीच्या तशी बाजूला ठेवावी व नकलेवर काम करावे. सीएसव्ही उघडताना लिब्रेऑफिस काही प्रश्न विचारते. तेथे लिपीसाठी ‘यूटीएफ-८’ निवडावे आणि क्रमांकांचा रकाना ‘टेक्स्ट’ ठरवावा. इतके करूनही मराठी वाचता आले नाही, तर मजकूर बहुधा युनिकोडपूर्वीच्या टंकात असतो. कोणता टंक वापरला, ते देणाऱ्याला विचारावे.

आणखी एक. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने सरकारी कार्यालयातील संगणकात असलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागता येते, आणि मागितली त्याच स्वरूपात ती सामान्यतः द्यावी, असे कलम ७(९) सांगते. तेव्हा कामांचा आणि खर्चाचा हिशेब मागताना अर्जात ‘सीएसव्ही किंवा एक्सएलएसएक्स’ असे स्पष्ट लिहावे. छापील गठ्ठ्याची बेरीज करण्यात आठवडा जातो. फाइलीची बेरीज क्षणात होते.

मालेगाव तालुक्यात संगणक जाणणारी शिकती मुले गावोगावी आहेत. त्यांनी आपल्या वडीलमाणसांबरोबर एकदा बसून अशी एक फाईल उघडावी, एवढीच आमची विनंती आहे. हिशेब ज्याच्या घामाचा, त्याला तो वाचता आला पाहिजे.