तो उभाच होता

शिक्षण माझं चौथी. पोथीतलं फार सांगता यायचं नाही, शेतातलं आन वाटेवरचं सांगतो. गोड मानून घ्या.

दिंडीला शंभर वर्षं झाली, त्यात 2020 आणि 2021 अशी दोन वर्षं आपण चाललोच नाही. 2020 ला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका 30 जूनला एस.टी.नं पंढरीला गेल्या. 1 जुलैची एकादशी आपण घरातच केली. पुढच्या साली आपल्या पिंपळनेरच्या निळोबारायांच्या पादुकाही एस.टी.नंच गेल्या. मी ओट्यावर एकटाच टाळ वाजवीत बसलो. बैल बघत होते माझ्याकडं.

खरं सांगतो, मी भ्यालो होतो. तीस वर्षं कीर्तनात "भिऊ नका, पांडुरंग पाठीशी हाये" म्हणत आलो, आणि शेजारचा आजारी पडला तर मी दाराला कडी लावली. त्याच्या ओट्यावर भाकरी ठेवायला आमची मंडळी गेली, तोंडाला पदर बांधून. मी नाही गेलो.

पुढं आपले विणेकरी गेले. पंचवीस वाऱ्या मी त्यांच्या मागं चाललो. त्यांच्या मुखात तुळशीपान ठेवता आलं नाही. त्या रात्री भिंतीवरच्या विठ्ठलाच्या फोटोकडं पाठ करून झोपलो. म्हणलं, "एवढी सेवा केली त्या माणसानं, आन तू काय केलंस?" बोललो तर बोललो. तो आपल्या बोलण्यानं रुसत नाही.

झोप कुठली येती! आई आठवली. 1972 चा दुष्काळ, मी बारा वर्षांचा. आपलं पारनेर आधीच कमी पावसाचं, त्यात विहिरींना खडखडाट. आईबाप खडी फोडायला, आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत. मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही. दिव्याला तेल नसायचं, तरी सांजच्याला आई देवापुढं हात जोडायची. मी विचारलं, "आये, पाऊस देत नाही त्याला कशाला हात जोडती?" ती म्हणली, "मी खडीवर गेले तरी सांजच्याला येईन, हे तुला ठावं असतं ना? तसंच हाये." आणि चुलीकडं वळली.

निळोबारायांचं तर तुम्हाला माहीतच आहे. तुकोबा 1650 ला वैकुंठाला गेले, यांनी त्यांना देहात पाहिलेलं नाही. तरी त्यांच्यासाठी धरणं धरून बसले. परंपरा सांगते, आधी पांडुरंग आला तरी हे उठेनात, गुरूच पाहिजेत म्हणून. शेवटी तुकोबांना यावं लागलं. न पाहिलेल्यावर एवढा भरोसा! आपण आईला निदान पाहिलेलं तरी असतं.

लोक विचारतात, देव राखतो तर विणेकरी का गेले? मला उत्तर येत नाही. रोगराई येणार नाही असा शब्द देवानं दिल्याचं मी कधी ऐकलं नाही. पुंडलिकानं वीट टाकली, थांब म्हणला, आईबापाची सेवा चाललीय. तो थांबला. त्याचं मला एवढंच ठाऊक.

2022 ला वाट मोकळी झाली. विणेकऱ्यांच्या पोरानं सुप्याच्या कंपनीतून रजा काढली आणि बापाची वीणा गळ्यात घातली. तो शेजारीही बरा होऊन आमच्या ओळीत होता. मुक्कामाला मी त्याच्या पायाला हात लावायला गेलो, कडीचं सांगितलं. त्यानं हात धरला, म्हणला, "महाराज, भाकरी तुमच्याच घरातनं आली की."

पंढरीत मुखदर्शनाच्या रांगेतनं पाहिलं. दोन वर्षं आपण गेलो नाही म्हणून तो काही विटेवर बसला नव्हता.

रामकृष्णहरी.